निवडणुकीतला पैसा: कुठे दिसतो, कुठे दिसत नाही

मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत फिरणारी पाकिटं आपल्या सगळ्यांच्या कानावर असतात. पण पैशाचा मोठा परिणाम त्या रात्रीच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो, आणि त्यातला बराचसा कायद्याच्या चौकटीत बसून होतो. विधानसभेची निवडणूक डोळ्यांसमोर ठेवून आपण तिकिटापासून हिशेबापर्यंतच्या पायऱ्या एकेक करून पाहू. कायद्याची काहीच माहिती नसली तरी चालेल. अडेल तो शब्द वाटेत समजावून घेऊ.

सुरुवात तिकिटापासून. पक्षाचं चिन्ह मिळवायचं तर उमेदवाराला एबी फॉर्म लागतो. पक्षातर्फे सही करण्याचा अधिकार कोणाला आहे हे ए फॉर्ममध्ये असतं आणि उमेदवार कोण हे बी फॉर्ममध्ये. हे दोन कागद वेळेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले नाहीत, तर भलाभला अपक्ष ठरतो. आता हा फॉर्म कोणाला द्यायचा? त्यासाठी पक्षाने सदस्यांचं मतदान घ्यावं किंवा (गुन्हे प्रलंबित असलेले उमेदवार सोडले तर) कारणं जाहीर करावीत, असं कोणताही कायदा म्हणत नाही. मुलाखतीला गेलेल्या इच्छुकाला कामाबद्दल विचारतात, जातीच्या गणिताबद्दल विचारतात, आणि मग खर्चाची तयारी किती आहे ते विचारतात.

इथेच थोडं थांबू. वीस वर्षं पाणीप्रश्नावर मोर्चे काढलेली बाई किंवा कारखान्याच्या गेटवर संघटना बांधलेला माणूस या शेवटच्या प्रश्नाला गळतो. मतदारांनी त्यांना नाकारलेलं नसतं, कारण त्यांचं नाव मतदारांसमोर आलेलंच नसतं. मला विचाराल तर पैशाने लोकशाहीचं सगळ्यात मोठं नुकसान या टप्प्यावर केलं आहे. आपण मतदान यंत्रासमोर उभे राहतो तेव्हा निवड आधीच अरुंद झालेली असते, आणि ती कोणी केली याची नोंद कुठल्याही दफ्तरात नसते.

गावपातळीवर हीच गोष्ट उघड्यावर घडते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचं चित्रफितींतून समोर आलं होतं. उमराण्यात देवळाच्या कामासाठी लागलेली बोली दोन कोटींच्या पुढे गेली होती. अशा ठिकाणी गल्लत होते ती 'बिनविरोध' या शब्दापाशी. एकोप्याने बिनविरोध झालेली निवडणूक आणि बोली लावून बिनविरोध केलेली निवडणूक कागदावर सारखीच दिसते. पैसा देवळाला गेला की शाळेला गेला, याने फरक पडत नाही. ज्याच्याकडे तेवढी रक्कम नाही त्याचा उभं राहण्याचा हक्क गेला, आणि बाकी सगळ्यांचा मत देण्याचा.

तिकीट मिळालं की उमेदवारी अर्ज. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, म्हणजे शपथेवर दिलेलं लेखी निवेदन, जोडावं लागतं. त्याचा ठरलेला सरकारी नमुना आहे, नमुना २६. स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्जं, प्राप्तिकर विवरणात दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्न, गुन्ह्यांची माहिती आणि शिक्षण, असं सगळं त्यात येतं.

हा कागद आपल्याला भांडून मिळाला आहे. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये ही माहिती उघड करण्याचा निकाल दिला. संसदेने कायदा दुरुस्त करून तो निकाल पातळ करायचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द केली. २०१८ मध्ये उत्पन्नाचा स्रोत सांगणंही बंधनकारक झालं.

प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. ते उघडल्यावर बहुतेक जण एकूण मालमत्तेचा आकडा वाचतात आणि बंद करतात. त्या आकड्यातून फारसं कळत नाही. वडिलोपार्जित जमीन शहराच्या हद्दीत आली की माणूस काही न करता कोट्यधीश दिसतो. म्हणून स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव या नोंदी शेजारी ठेवून वाचा. भाव वाढला की नवी खरेदी झाली, हे त्यावरून समजतं.

मग कर्जाचा भाग पाहा. बँकेचं कर्ज सहज लक्षात येतं, पण व्यक्तींकडून किंवा खासगी कंपन्यांकडून घेतलेल्या उसनवारीवरून आपली नजर घसरते. निवडून आल्यावर आमदार कोणाच्या ओझ्याखाली असेल, याचा अंदाज त्या ओळीत मिळतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्रातला उत्पन्नाचा आकडा लहान आणि मालमत्ता मोठी, असं चित्र पुष्कळदा दिसतं. तेवढ्यावरून कोणाला लबाड ठरवू नका. आधी उत्पन्नाच्या स्रोतांचा रकाना वाचा. त्याच्याच जवळ सरकारी कंत्राटांचा रकाना असतो. उमेदवाराची, जोडीदाराची किंवा त्यांचा हिस्सा असलेल्या कंपनीची कंत्राटं तिथे नोंदवायची असतात. माझ्या मते अख्ख्या नमुन्यातली ही सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी जागा आहे. शक्य असेल तर त्याच उमेदवाराचं पाच वर्षांपूर्वीचं प्रतिज्ञापत्र काढून शेजारी ठेवा.

अर्ज भरला त्या दिवसापासून खर्चाचं घड्याळ सुरू होतं आणि निकालाच्या दिवशी थांबतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ प्रमाणे या काळातला प्रत्येक खर्च उमेदवाराने वेगळ्या हिशेबात लिहायचा असतो. २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेसाठी मर्यादा ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. गोव्यात हेच आकडे २८ लाख आणि ७५ लाख. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांहून जास्त मतदार आहेत. म्हणजे कायद्याप्रमाणे माणशी जेमतेम बारा रुपये.

हिशेब तपासण्याची यंत्रणा कागदावर भक्कम आहे. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी प्रत्येक वस्तूचं दरपत्रक काढतात: चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, ढोलताशा, जीपचं दिवसाचं भाडं, फ्लेक्सचा चौरस फुटाचा दर. सभेला व्हिडिओ पथक येतं. खुर्च्या मोजल्या जातात आणि दरपत्रकाने गुणून रक्कम प्रशासनाच्या स्वतःच्या नोंदवहीत चढते. प्रचाराच्या काळात उमेदवाराची वही किमान तीनदा मागवून या नोंदवहीशी ताडून पाहतात. तफावत निघाली तर नोटीस जाते.

मग चूक कुठे होते? अर्ज भरण्याआधी खर्च होऊन जातो. वर्षभर चाललेली हळदीकुंकवं, क्रिकेटच्या स्पर्धा, देवदर्शनाच्या बस, दहीहंडीची बक्षिसं यांतलं काहीही या वहीत येत नाही, कारण घड्याळ सुरूच झालेलं नसतं. दुसऱ्याच्या नावाने होणारा खर्चही निसटतो. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय कोणी त्याच्यासाठी खर्च करणं हा गुन्हा आहे, पण 'मित्रमंडळाने स्वखुशीने केलं' हे उत्तर खोडून काढायला साक्षीदार लागतो, आणि गावात साक्ष द्यायला कोण पुढे येणार? शिवाय हिशेबात न दाखवता छापून आणलेल्या बातम्या आहेतच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या जाहिरातींचा, प्रकार पुराव्यानिशी मांडला. अशा खर्चाचा हिशेब न दिल्याबद्दल उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. एवढं ठोस उदाहरण मात्र क्वचितच सापडतं.

मर्यादा आणि प्रत्यक्ष खर्च यांतलं अंतर एकदा जाहीरपणे बोललं गेलं होतं. जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात भाजपचे नेते गोपीनाथ मुंडे यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपले आठ कोटी रुपये खर्च झाल्याचं सांगितलं. त्या वेळची मर्यादा २५ लाखांची होती. आयोगाने नोटीस बजावली, मुंडे यांनी खुलासा दिला आणि अपात्रतेपर्यंत प्रकरण गेलं नाही.

आता पक्षाच्या खर्चाकडे वळू. उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. पक्षाला किती आहे? काहीच नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की उमेदवाराच्या माहितीने आणि संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्या हिशेबात धरायला हवा. त्याच वर्षी कायदा बदलून हा निकाल निष्प्रभ करण्यात आला. पुढे २००३ मध्ये ही सवलत काहीशी आवळली, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास मर्यादेबाहेरच राहिला. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस प्रचारक नेमता येतात. हेलिकॉप्टरने आलेला नेता व्यासपीठावर उमेदवाराचा हात उंचावतो, तेव्हा मांडवाचा वाटा उमेदवाराच्या वहीत येतो आणि हेलिकॉप्टरचं भाडं पक्षाच्या. आपल्या फोनवर येणाऱ्या पक्षाच्या जाहिरातींचंही तेच. अपक्ष किंवा लहान पक्षाच्या उमेदवाराची बाजू इथे पार लंगडी पडते.

पक्षाकडे हा पैसा येतो कुठून, हा प्रश्न जुना आहे. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण निकालपत्रात स्पष्ट बजावलं की ही प्रथा वाढत गेली तर ती देशातल्या लोकशाहीचा गळा घोटू शकेल, आणि संसदेने याकडे लक्ष द्यावं. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, पण पक्षांना पैसा मिळवण्याचा दुसरा उघड मार्ग ठेवला नव्हता. त्यामुळे देणग्या रोखीत आणि अंधारात गेल्या. १९८५ मध्ये बंदी उठली.

आज मुख्य वाटा अशा. वीस हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला दरवर्षी कळवायचं असतं. त्याखालच्या रकमेला नाव लागत नाही. रोख देणगी २०१७ पासून दोन हजारांपर्यंतच घेता येते. पण मोठी रक्कम लहान लहान पावत्यांत फोडली तर नाव कुठेच उरत नाही. याशिवाय निवडणूक न्यास, म्हणजे कंपन्यांकडून पैसे गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या नोंदणीकृत संस्था, २०१३ च्या योजनेखाली चालतात. वर्षभरात जमलेल्या देणग्यांतले ९५ टक्के त्यांना वाटून टाकावे लागतात. देणाऱ्यांची यादी आणि घेणाऱ्यांची यादी दोन्ही आपल्याला वाचता येतात; कोणाचा रुपया कोणाकडे गेला हे मात्र न्यासात पाच-दहा कंपन्या एकत्र आल्या की सांगता येत नाही.

आणि मग निवडणूक रोखे. जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेली ही योजना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण माहिती लपवणं हाच तिचा गाभा होता. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे मिळत. विकत घेणाऱ्याने बँकेला ओळख द्यायची, पण रोख्यावर त्याचं नाव नसे. पक्षाने पंधरा दिवसांच्या आत तो खात्यात जमा करायचा. एक हजाराचा रोखा सामान्य माणसालाही घेता येत होता. प्रत्यक्षात बहुतांश रक्कम एक कोटीच्या रोख्यांतून आली. त्याच सुमारास कंपन्यांवरची जुनी अटही काढली गेली. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येईल, अशी ती अट होती. ती गेल्यावर तोट्यातली कंपनीही हवी तेवढी रक्कम देऊ शकत होती.

देणगी गुप्त असल्याचं सांगितलं जात असताना २०१८ मध्येच पत्रकार पूनम अग्रवाल यांनी रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले. साध्या डोळ्यांना न दिसणारा एक क्रमांक अतिनील प्रकाशात कागदाच्या कोपऱ्यात उमटला. प्रत्येक रोख्याला असा वेगळा क्रमांक होता. म्हणजे बँकेकडे माग होता, तपास यंत्रणांना तो मागवता येत होता, आणि अंधारात होता तो फक्त मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतं हे कळल्याशिवाय मत विचारपूर्वक देता येत नाही, म्हणून हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भंग आहे, असं पीठाने म्हटलं. कंपन्यांवरची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द झाली. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली. १४ मार्चला खरेदीदार आणि पक्ष यांच्या याद्या वेगवेगळ्या प्रसिद्ध झाल्या. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला क्रमांकही आले, आणि कोणाचा रोखा कोणाकडे गेला हे पहिल्यांदा जुळवता आलं. एप्रिल २०१९ नंतरच्या काळात भारतीय जनता पक्षाने सहा हजार कोटींहून जास्त रकमेचे रोखे वटवले होते. तृणमूल काँग्रेसने सोळाशे कोटींचे आणि काँग्रेसने चौदाशे कोटींचे. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीच्या व्यवसायातली फ्यूचर गेमिंग ही कंपनी होती, १३६८ कोटींची.

या याद्या वाचताना एक काळजी घ्यावी. छापा पडल्यानंतर खरेदी झाली किंवा खरेदीनंतर कंत्राट मिळालं, अशा तारखा वर्तमानपत्रांनी जुळवून दाखवल्या. तारखा जवळ असणं हा चौकशीचा पाया आहे. सिद्ध झालेला गुन्हा नाही. विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली, त्यामुळे पुष्कळ प्रश्न तसेच उरले आहेत. आपण बोलताना आरोप आणि पुरावा यांत फरक ठेवला, तर आपलं म्हणणं सहज झटकून टाकता येत नाही.

राहिली ती पाकिटाची रात्र. मत विकत घेणं आणि विकणं दोन्ही गुन्हे आहेत. आचारसंहितेच्या काळात भरारी पथकं गाड्या तपासतात. २०१७ मध्ये चेन्नईच्या आर. के. नगरची पोटनिवडणूक आणि २०१९ मध्ये वेल्लोरची लोकसभा निवडणूक पैसेवाटपामुळे रद्द करावी लागली होती. आपल्या भागात वाटप दिसलं तर आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तिथेच काढलेला फोटो किंवा व्हिडिओ पाठवता येतो. फोनमध्ये आधी साठवलेला चालत नाही, आणि तक्रारी वाया जातात त्या पुष्कळदा याच कारणाने. नाव न देताही तक्रार करता येते. गरीब माणूस पाचशे रुपयांना मत विकतो म्हणून हळहळणारे लोक मला पटत नाहीत. पाच वर्षांत त्याच्या हाती राजकारणातून पडलेली तेवढीच एक रोख असू शकते, आणि कोट्यवधींच्या देणगीदाराला तर कोणी असं नावंही ठेवत नाही.

निकालानंतर तीस दिवसांत उमेदवाराने खर्चाचा अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. दिला नाही आणि सबळ कारणही नसलं, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निवडून आलेल्या उमेदवाराने मर्यादा ओलांडल्याचा किंवा लाच दिल्याचा आक्षेप घ्यायचा, तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. हिशेबाला तीस आणि याचिकेला पंचेचाळीस. म्हणजे कागद हातात आल्यावर वकील गाठायला जेमतेम पंधरा दिवस उरतात. याचिका निसटतात त्या बहुधा इथे.

हा हिशेब पाहण्याचा अधिकार फक्त हरलेल्या उमेदवाराला नाही. निवडणूक नियमांप्रमाणे एक रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो, आणि ठरलेलं शुल्क भरून प्रमाणित प्रतही मिळते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत साध्या कागदावर अर्ज करा. मतदारसंघाचा क्रमांक, उमेदवाराचं नाव, निवडणुकीचं वर्ष आणि कोणत्या नियमाखाली पाहणी हवी तो क्रमांक, म्हणजे निवडणूक संचालन नियम १९६१ चा नियम ८८, त्यात लिहा. 'माहिती अधिकारात अर्ज करा' असं सांगून कोणी परत पाठवू लागलं तर नियमाच्या क्रमांकावर बोट ठेवा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय निघू नका. वही हातात आली की आपल्याच गल्लीत झालेल्या सभेची तारीख शोधा. तिथे मांडलेल्या खुर्च्या, लागलेले फ्लेक्स, आलेल्या गाड्या आपण डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. नोंद त्या अंदाजाला धरून आहे का, एवढं तपासायला कुठल्याही हिशेबतज्ज्ञाची गरज पडत नाही.